टॅटूला काय लावू, ताई?

पाटणला एस.टी. स्टँडच्या बाजूला माझं औषधांचं दुकान आहे. चैत्रात येराडच्या येडोबाची यात्रा झाली की त्या आठवड्यात काउंटरवर पोरं येतात, बाही वर दुमडून दंड पुढे करतात आणि विचारतात, “ताई, ह्याला काय लावू?” पौषात पालच्या खंडोबाची यात्रा झाल्यावर असंच. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की पुन्हा तेच. त्रिशूळ, राजमुद्रा, ‘आई’, कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर. मुलींच्या मनगटावर मोरपीस नाहीतर बारीकसे उडते पक्षी. टॅटू सुंदर असतात, पण त्यांच्याभोवतीची कातडी लाल होऊन फुगलेली असते आणि पोरांच्या चेहऱ्यावर काळजी असते.

दोन मिनिटांत ह्याचं उत्तर नीट सांगून होत नाही. शिवाय माझ्याकडे येईपर्यंत त्यांनी कुणाचं तरी ऐकून काहीतरी लावलेलं असतं. हळद, खोबरेल, टूथपेस्ट, घरात पडलेली खाजेची ट्यूब. माझ्या पाहण्यात नवे टॅटू जास्त बिघडतात ते अशा लावालावीनं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते, की ताज्या टॅटूला माझ्या दुकानातलं फारसं काही लागत नाही. साधा साबण, स्वच्छ पाणी, बोटाच्या टोकावर मावेल एवढी पेट्रोलियम जेली आणि हात आवरण्याचा धीर, एवढ्यावर बहुतेक टॅटू चांगले भरून येतात.

टॅटू म्हणजे जखम, हे पोरांना पटवणं अवघड जातं. रक्त फारसं आलेलं नसतं, टाके नसतात, दोन तासांत माणूस गाडीवर बसून घरी आलेला असतो. पण यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा कातडीत शिरलेली असते. शाई वरच्या थरात राहून चालत नाही, कारण तो थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. ती त्याखालच्या थरात, एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. परकं काहीतरी आत आलं म्हणून शरीरातल्या भक्षक पेशी धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. गिळता येतात, पचवता येत नाहीत, म्हणून रंग तिथंच राहतो. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातले कण बाहेर पडतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा उचलते. मला हे वाचून फार नवल वाटलं. आपण कायमचं म्हणतो ते चित्र आत सतत एका पेशीकडून दुसरीकडे सोपवलं जात असतं.

पहिल्या दिवशी जखमेतून पातळ पाणी झिरपतं. त्यात शाई मिसळलेली असते, थोडं रक्तही असतं. सकाळी उशीवर काळा डाग दिसला की पोरं धावत येतात: “ताई, रंग चाललाय सगळा!” रंग जात नसतो. वर उरलेली जादा शाई निघत असते. ती धुऊनच टाकायची. टॅटू काढणाऱ्यानं प्लास्टिकचा कागद गुंडाळून दिला असेल तर त्यानं सांगितलेल्या वेळेला, काही तासांतच, तो काढायचा. आधी आपले हात साबणानं धुवायचे, ही पायरी सगळे गाळतात. मग कोमट पाणी आणि वासाचा नसलेला सौम्य साबण घेऊन बोटांनीच अलगद धुवायचं. घासणी नको, पंचा नको. आपल्याकडे एका खुंटीवर एक टॉवेल आणि घरातली पाच माणसं तो वापरतात. तो तर त्या जखमेला लावूच नका. स्वच्छ सुती फडक्यानं किंवा टिश्यू पेपरनं टिपून घ्या आणि थोडा वेळ वारा लागू द्या. दिवसातून दोनतीनदा एवढं केलं की झालं.

त्यावर पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं ते इतकं पातळ, की कातडी नुसती ओलसर दिसावी. पोरं काय करतात, तर डबीतली जेली थापतात. त्याखाली घाम कोंडतो आणि जखम पावसाळ्यात दिवसभर ओल्या मोज्यात राहिलेल्या पायासारखी पांढरी, भुसभुशीत होते. अशी खपली लवकर सुटते आणि जाताना रंगही घेऊन जाते. हल्ली मुंबई-पुण्याचे टॅटूवाले ‘सेकंड स्किन’ नावाची पारदर्शक चिकटपट्टी लावून देतात. ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा काही दिवस, तशीच ठेवायची असते. वस्तू चांगली आहे, पण आमच्या दमट हवेत तिची कड सुटते. कड सुटून पाणी आत शिरलं की तिचा उपयोग संपला. ती सोलून काढायची, धुवायचं आणि साध्या पद्धतीवर यायचं. वरून दुसरी चिकटपट्टी मारायची नाही.

चौथ्यापाचव्या दिवशी खाज सुरू होते. बारीक कोंडा सुटतो, कुठे पातळ खपली धरते, रंग दुधाळ आणि मळका दिसू लागतो. ही सगळी बरं होण्याची लक्षणं आहेत, पण इथंच घात होतो. “लय खाजतंय ओ, एखादी ट्यूब द्या की.” ही ट्यूब म्हणजे गावाकडे घरोघरी असणारी स्टेरॉइडमिश्रित मलमं. गजकर्णाला, घामोळ्यांना, तोंडावरच्या डागांना, सगळ्याला लोक ती चोळतात. स्टेरॉइडनं खाज दोन तासांत थांबते हे खरं. पण कातडीनं जखम भरण्याचं जे काम मांडलेलं असतं तेही मंदावतं, आणि जंतू शिरला असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. बुरशीच्या आजारात तर या मलमांनी देशभर उच्छाद मांडलाय. कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाला विचारा. 2018 साली सरकारनं त्वचेवर लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मी ती देत नाही. पोरं रुसून पुढच्या दुकानाकडे बघतात, तरी देत नाही. खाज सुटली तर तळहातानं हलकं थोपटा, गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा. खाजवू नका, कोंडा सोलू नका. रात्री झोपेत हात जातो, म्हणून नखं कापा.

अँटिबायोटिक पावडरीचंही तसंच. पांढरी पावडर भुरभुरली की उपचार झाला असं आपल्याला वाटतं. ती झिरपणाऱ्या पाण्यात भिजून कडक थर धरते, तो तडकतो, रक्त येतं. आणि या पावडरी-मलमांत पुष्कळदा असणारं निओमायसिन काहींना सोसत नाही. ज्या जागी लावलं तिथंच पुरळ उठतं, मग ते टॅटूचं दुखणं समजून आणखी तेच लावलं जातं.

हळदीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्यात आमच्या भागाचा जीव आहे. माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती, कपाळावर ठिपका, हनुवटीवर ठिपका. मोरगिरीच्या बाजूला तिचं माहेर. गोंदणारणी सुगी उरकल्यावर गावात यायच्या, दिव्याची काजळी कालवून, तीनचार सुया दोऱ्यानं एकत्र बांधून टोचायच्या आणि वर हळद-तेल लावायच्या, असं ती सांगायची. त्या बायका अडाणी होत्या असं मला वाटत नाही. गोंदण लहान असायचं, हातभर नसायचं. गोंदलेल्या मुलीला दोनचार दिवस शेणाला, भांड्यांना हात लावू द्यायचे नाहीत. पाऊसकाळात गोंदत नसत. यातली शेवटची दोन पथ्यं आज कुणी पाळत नाही आणि हळद तेवढी लक्षात ठेवली आहे. हळदीत जंतू रोखण्याचा थोडा गुण आहेच, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात ओला चमचा गेलेला असतो, दुकानात ती उघड्या पोत्यात राहिलेली असते. उघड्या जखमेत ती घालू नये. पालच्या यात्रेत तर नवा टॅटू घेऊन पोरं भंडाऱ्यात न्हाऊन निघतात. भंडारा हजारो हातांतून, पायांखालून उडालेला असतो आणि हल्ली त्यात नुसती हळदच असते असंही नाही. देवाचा भंडारा कपाळाला लावावा. टॅटूवर सुती बाही ओढून घ्यावी आणि घरी आल्यावर आधी तो भाग धुवावा. खंडोबाचा यात काही अवमान होत नाही.

सुयांबद्दल बोलायलाच हवं. आजीच्या वेळी त्याच त्या सुयांनी आख्खी आळी गोंदली जायची. तेव्हा कावीळ झाली तर ती कशानं झाली हे कुणाला कळत नव्हतं. आता कळतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. यात्रेतल्या पालाखाली बॅटरीवर चालणारं यंत्र, एकच सुई, एकाच झाकणात ओतलेली शाई आणि पाणी मारून पुसायचं एकच फडकं, असं दिसलं तर हात पुढे करू नका. पाकिटातली नवी सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे, शाई तुमच्यापुरती छोट्या कपात काढली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे, हातमोजे बदलले पाहिजेत. हे विचारायला लाजायचं कारण नाही; केस कापणाऱ्याला आपण नवं ब्लेड लावायला सांगतोच. हिपॅटायटिस बीची लस देशभराच्या बाळांच्या लसीकरणात 2011 पासून आली. त्याआधी जन्मलेल्यांनी आपल्याला ती मिळाली आहे असं धरून चालू नये. मोठ्यांना तीन डोस लागतात, एकदोन दिवसांत संरक्षण मिळत नाही, म्हणून टॅटूचा बेत असेल तर लसीचा बेत सहा महिने आधी करा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही आठवून बघा.

शाई पातळ करायला वापरलेलं पाणीसुद्धा महत्त्वाचं असतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी 2011 साली 19 जणांना टॅटूनंतर लालसर पुटकुळ्या उठल्या. शोध घेतल्यावर मायकोबॅक्टेरियम केलोनी हा पाण्यात, मातीत राहणारा जंतू सापडला, आणि तो आयत्या मिळणाऱ्या करड्या शाईतून आला होता. म्हणजे दोष टॅटूवाल्याच्या हाताचा नव्हता, शाईचाच होता. मग आपल्याकडे नळाचं, तेही पावसाळ्यात गढूळ आलेलं पाणी घालून काळ्या शाईची करडी छटा केली जात असेल, तर काय होईल याचा विचार करा. हे जंतू सावकाश वाढतात. टॅटू भरून आल्यावर दोनतीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, फक्त करड्या भागात बारीक गाठी आल्या तर ते घामोळं समजून बसू नका. त्याला नेहमीची अँटिबायोटिकं लागू पडत नाहीत, तुकडा काढून तपासावा लागतो आणि औषध काही महिने चालतं.

आता पाऊस. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, कोयनानगर-नवजाकडे, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, अंथरूण दमट असतं, भिंतींना बुरशी येते. आषाढात भातलावणीला सगळं घर चिखलात उतरतं. मेमध्ये मुंबईहून आलेला मुलगा शेवटच्या आठवड्यात घोट्यावर किंवा पोटरीवर टॅटू काढतो आणि पंधरा दिवसांत बैलामागे, हल्ली पॉवर टिलरमागे, गुडघाभर चिखलात असतो. त्या चिखलात शेणखत असतं, जनावरांचं मूत्र असतं, उंदरांचं असतं. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशाच पाण्यातून, कातडीच्या भेगांतून शिरतो. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. कोयनेच्या डोहात पोहण्याचंही तसंच. वरच्या अंगाला म्हशी बसलेल्या असतात. खपली पूर्ण पडून कातडी सपाट होऊन चकचकीत दिसायची थांबेपर्यंत, म्हणजे दोन ते चार आठवडे, टॅटू पाण्यात बुडवू नये. वरून पाणी ओतून आंघोळ चालते. आत तर कातडी त्यानंतरही काही महिने सावरत असते. समुद्राच्या पाण्यानं मीठ लागून जखम बरी होते असंही मुंबईकर पोरं सांगतात. अमेरिकेत एक 31 वर्षांचा माणूस टॅटूनंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला, व्हिब्रिओ नावाचा जंतू शिरला आणि तो माणूस दगावला. त्याचं यकृत आधीच दारूनं खराब झालेलं होतं. आपल्याकडे असं यकृत असलेली माणसं कमी नाहीत.

कामाचा प्रश्न सगळ्यात अवघड. आमच्या तालुक्यातली किती घरं मुंबईच्या माथाडी कामावर उभी आहेत हे वेगळं सांगायला नको. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील इथल्याच मंद्रुळकोळ्याचे. वाशीच्या मार्केटात पोतं वाहणारा पोरगा खांद्यावर वाघ काढून घेतो, कारण खांदाच त्याचा सगळ्यात भरीव अवयव, अभिमानाची जागा. दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर मिरचीचं पोतं. तागाचं कापड घासतं, मिरचीची धूळ बसते, घाम जिरतो. अशा मुलाला मी ‘आठ दिवस आराम कर’ सांगून काय उपयोग? त्याची रोजी बुडते. त्याला एवढंच म्हणते, की गावी रजेवर येशील त्याच्या पहिल्या दिवशी काढ, शेवटच्या नको. किंवा खांदा सोडून दंडाच्या आतल्या बाजूला काढ, जिथं ओझं टेकत नाही. तालमीत जाणाऱ्यांनाही हेच. आखाड्याची माती कितीही प्रेमानं, ताक-तेल घालून राखलेली असली, तरी उघड्या कातडीला उघडी कातडी घासते तिथं गळवं पसरतात. टॅटू भरेपर्यंत जोर-बैठका मारा, लंगोट बांधून उतरू नका.

पोरं फार विचारत नाहीत, पण कुणी टॅटू काढूच नये हेही सांगितलं पाहिजे. कान टोचल्यावर, भाजल्यावर ज्यांना गाठीसारखे फुगीर वण येतात त्यांना टॅटूचाही तसाच वण येऊ शकतो. छाती आणि खांदा तर त्याला फारच बळी पडतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर आधी साखर बघा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बाईनं नंतर काढावा. लाल शाई हौसेनं निवडू नका. ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाची होते, कधी वर्षा-दोन वर्षांनीही.

दवाखान्यात जायची वेळ ओळखायला शिका. पहिले दोनतीन दिवस लाली, ऊब, सूज असणारच. ती चौथ्या दिवशी उतरायच्या ऐवजी पसरायला लागली, पू आला, वास आला, ठणका वाढला, ताप आला, किंवा जखमेपासून वर लाल रेघ चढताना दिसली, तर माझ्या काउंटरवर वेळ घालवू नका. पाटणला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, कृष्णा हॉस्पिटल आहे. टॅटू कधी आणि कुठं काढला, वर काय काय लावलं, हे सगळं डॉक्टरांना खरं सांगा. घरच्यांच्या धाकानं लपवलेली जखम मी पाहिलेली आहे. शर्टाच्या आत चिकटलेलं कापड ओढून काढताना त्या पोराला जे भोगावं लागलं ते नुसत्या रागावण्यापेक्षा फार जास्त होतं. कापड चिकटलंच तर ओढू नका, कोमट पाण्यानं भिजवा, आपोआप सुटतं.

सातारा जिल्हा फौजींचा, म्हणून भरतीचंही सांगते. सैन्यभरतीच्या नियमांत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं दंडावर, मानेवर टॅटू काढून बसतात आणि नंतर लेसरनं जाईल का विचारत येतात. लेसर महाग असतं, अनेकदा जावं लागतं, आणि डाग राहतो तो राहतोच. भरतीची जाहिरात आधी वाचा. रक्तदानाचंही लक्षात ठेवा: टॅटूनंतर बारा महिने रक्त देता येत नाही. शिबिरात ते लपवू नका, कारण ते रक्त कुणाच्या तरी बाळंतपणाला लागणार असतं.

कधी काढू, असं कुणी आधी येऊन विचारलं तर मला फार बरं वाटतं. आमच्याकडे भात कापून मळणी उरकली, दिवाळी झाली, की हवा कोरडी होते, घाम कमी असतो, ऊन सोसवतं, अंगभर सुती कपडे घालून फिरता येतं आणि शेतात चिखल नसतो. तेव्हा काढा. पालला जायचं ठरलेलं असेल तर यात्रा होऊ द्या, त्यानंतर काढा.